तारी बाईंचं गृहीत

आमच्या स्टाफरूममध्ये तारी बाई बसलेल्या असल्या की 'साधारणपणे' हा शब्द कुणी उच्चारत नसे. चुकून उच्चारलाच तर वर्तमानपत्राआडून आवाज येई, "गृहीत काय धरलंत ते आधी सांगा." एकदा प्राचार्य सभेत म्हणाले, यंदा निकाल साधारणपणे चांगला लागेल. बाईंनी विचारलं, "मुलं अभ्यास करतील असं गृहीत धरलंत, की पेपर तपासणारे झोपेत असतील असं?" प्राचार्य हसले. हसण्यावाचून दुसरं काही करायची सोय बाई समोरच्याला ठेवत नसत.

कुमुद तारी हे त्यांचं पूर्ण नाव. मालवणच्या आमच्या छोट्या कॉलेजात त्या गणित शिकवत आणि मी रसायनशास्त्र. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंबाड्यात रोज अबोलीचा वळेसर आणि मनगटावर भावाचं जुनं पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. मी पिंगुळीचा, म्हणून मला पिंगुळकर म्हणायच्या. माझं आडनाव वेगळं आहे हे त्यांना शेवटपर्यंत महत्त्वाचं वाटलं नाही. रंगात आल्या किंवा रागावल्या की मालवणीत येत आणि मला अरे-तुरे करत. ते चालायचं. खरोखर दुखावल्या की मात्र स्वच्छ, कचेरीतल्यासारख्या मराठीत बोलत, आणि भ्यायचं ते तेव्हा.

त्यांच्या घरची एक रीत मला फार आवडे. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग थोड्या वेळाने चहा. बाई एकाच तबकात पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा आणि चहाचा कप असं सगळं एकदम आणून ठेवत. "उन्हातून इलेल्या माणसाक 'ह्या व्हया काय ता व्हया' असा इचारीत बसा नये," म्हणायच्या. "तेका दोनी व्हया असतत."

घर तोंडवलीकडच्या एका वाडीतलं, सगळे दर्यावर्दी. वडील लवकर गेले. थोरले अण्णा स्वतःची होडी चालवत. त्यांनी बहिणीला कोल्हापूरला एम.एस्सी.ला धाडलं तेव्हा वाडी हसली होती. पोरगी आकडे घेऊन काय मासे मारणार, म्हणाली होती. अण्णांनी कुणाला भीक घातली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी अण्णांबद्दल चांगलं बोलणार नाही. धाकटा दिगू लोकांच्या ट्रॉलरवर खलाशी होता, कधी गोव्याकडे, कधी रत्नागिरीकडे. बाईंच्या बोलण्यात तो रोज असे. गणितात आपल्यापेक्षा हुशार होता पण शाळेत टिकला नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्याला कसलाही पुरावा नव्हता.

नव्वदचं दशक सरता सरता त्या पट्ट्यातले खलाशी खोकून खोकून मरायला लागले. लोक म्हणत क्षय. क्षय खराच होता, पण त्याच्या पाठीमागे दुसरा रोग होता, आणि त्याचं नाव घरात घ्यायचं नसे. बाईंनी पीएच.डी.ला नेमका हाच विषय घेतला: एका माणसात हे दोन्ही रोग एकदम असतील तर उपचार कोणते, कधी, कोणत्या क्रमाने द्यावेत, याचं गणिती मॉडेल. मी म्हटलं, बाई, रोग डॉक्टर बघतील. तर म्हणाल्या, "डॉक्टर एक माणूस बघता रे. अख्खो किनारो एकदम कोण बघतलो? तुमच्या पिंगुळीत बाहुली नाचली काय सगळे बाहुलीकडे बघतत. तू दोरीकडे बघूक शीक."

ते मॉडेल मला त्यांनी किनाऱ्यावर समजावलं, मासळीच्या लिलावात. ओळखीच्या एका मासळीवालीच्या चार टोपल्या ओढून घेतल्या. पहिल्या टोपलीत धडधाकट माणसं, दुसरीत क्षयाची, तिसरीत एचआयव्हीची, चौथीत दोन्ही असलेली. बांगडे उचलून या टोपलीतून त्या टोपलीत टाकत त्या सांगत होत्या, की समीकरणं म्हणजे दुसरं काही नाही, कोणत्या टोपलीतून कोणत्या टोपलीत माणसं किती वेगाने जातात त्याचा हिशेब. औषध म्हणजे तो वेग बदलणारा हात. आणि आपल्याकडे समुद्र सुरू असतो, मासेमारीचा हंगाम असतो, तेव्हा खलाशी घरी नसतो, त्याच्या गोळ्या चुकतात, तेही यात धरायला हवं. "सगळो घोळ ह्या चौथ्या टोपलीत. सरकारची एक खिडकी क्षयाची, एक खिडकी दुसऱ्या रोगाची. ही म्हणता माझा संपवून ये, ती म्हणता आधी तिचा संपव. होडीक दोन भोका पडली तर एक बुजवीपर्यंत दुसऱ्याक थांब म्हणतत काय?"

दोन्ही औषधं एकमेकांचे पाय ओढतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आधी क्षयाची सुरू करायची, अंगवळणी पडू द्यायची आणि थोड्याच आठवड्यांत दुसरी जोडायची. पहिली संपायची वाट बघत बसलं तर चौथी टोपली रिकामी होते, पण माणसं बरी होऊन नव्हे. एवढंच त्या मॉडेलचं सांगणं होतं. एवढं सांगायला त्यांना पाच-सहा वर्षं लागली.

मासळीवाली शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "बाये, गणित झाला आसात तर बांगडे घी, नाय तर हात काढ. गिऱ्हायक खोळांबला." बाईंनी बांगडे घेतले.

एकदा स्टाफची सहल धामापूरला गेली होती. तळ्याच्या काठावर आमच्या इतिहासाच्या सरांनी तिथली जुनी गोष्ट सांगितली: पूर्वी लग्नकार्य निघालं की गरीब माणूस परडीत फुलं ठेवून ती तळ्यात सोडी, आणि देवी परडीत दागिने घालून देई. कार्य झालं की परत करायचे. एकाने ठेवून घेतले आणि ते देणं कायमचं थांबलं. सगळे हळहळले. बाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "देवीचं मॉडेल कच्चं होतं. घेणारा माणूस प्रामाणिक असेल असं तिने गृहीत धरलं." आम्ही पोट धरून हसलो. त्याही हसल्या.

दिगू आजारी पडला तो त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास. खोकला, ताप, छातीचा पिंजरा दिसायला लागलेला. बाईंनी त्याला स्वतः तपासायला नेलं. दोन्ही निघाले.

चौथ्या टोपलीत आता घरचं माणूस होतं.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर चांगला होता. बाई जे पाच-सहा वर्षं कागदावर मांडत होत्या तेच त्याने दोन वाक्यांत सांगितलं. क्षयाच्या गोळ्या आजच सुरू करू. पण याची ताकद फार खाली गेली आहे, तेव्हा दुसरी औषधं थोड्याच आठवड्यांत सुरू झालीच पाहिजेत, सहा महिने थांबू नका. फक्त ती औषधं तेव्हा आमच्या जिल्ह्यात मिळत नव्हती. घाट चढून जावं लागे, पुन्हा पुन्हा. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवतो, म्हणाला. बाई बाहेर आल्या त्या जवळजवळ आनंदात. म्हणाल्या, "वेळेवर सापडलो रे. वाचतलो."

अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, वैशाखातलं. घाटावरच्या त्या दवाखान्याच्या रांगेत आपल्याकडचं कुणी ना कुणी असतंच. एकाने बघितलं की वाडीला कळणार, वाडीला कळलं की व्याह्यांना. शिवाय असल्या रोगाचं नाव लागलेल्या खलाशाला कोणता तांडेल होडीवर घेईल? एका पातेल्यातलं जेवण असतं तिथे. क्षयाचं चाललं असतं. क्षय बरा होतो, हे लोकांना आता पटलं होतं.

आणि दिगू घाबरला होता. त्याने सगळं देवावर टाकलं. "आक्का, तुझी गणिता माका कळनत नाय. देवाक कौल लावा. देव सांगतलो तसा करतंय."

आमच्याकडे कौल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गुरव देवाच्या पाषाणाला उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, घरचा कर्ता प्रश्न सांगतो, गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. होडी पाण्यात ढकलण्यापासून मुलगी देण्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. पण दिगूचा होता, आणि गोळ्या दिगूने गिळायच्या होत्या. म्हणून त्या तयार झाल्या. मला म्हणाल्या, "कौल वायट नाय रे. प्रश्न बरोबर व्हयो. डावो पडलो तर गाऱ्हाणा बदलून परत लावूचो. कधी तरी उजवो पडतलोच." प्रश्न त्यांनी नीट बांधला: दोन्ही औषधं एकदम घ्यावी, की नको? रोगाचं नाव कुठेच नाही. अण्णांकडून दोनदा म्हणवून घेतला, कारण सांगायचा होता अण्णांनी. घरात कर्ता पुरुष असताना बाईमाणसाने प्रश्न सांगायचा नसतो.

मी त्यांना स्कूटरवरून देवळात नेलं होतं, म्हणून मी तिथे होतो. वाडीतली बरीच मंडळी जमली होती. कौल म्हटला की जमतातच. बाई बायकांच्या बाजूला उभ्या. अण्णांनी गुरवाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. गुरवाने हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या घरात दुखणा इला हा. वखदा-औषधा दोन सांगितली हत. खोकल्याचा आधी पुरा करून मगे दुसरा घेवचा, तर उजवी कळी दी. दुसरा आधी घेवचा, तर डावी दी."

"होय म्हाराजा," लोक म्हणाले.

मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. फळ्यावर नीट मांडलेलं गणित पाठ फिरताच कुणी पुसून भलतंच लिहावं, तसं. मग त्या पुढे आल्या. "ह्यो प्रश्न नव्हतो," म्हणाल्या. "अण्णा, ह्यो प्रश्न नव्हतो!"

तेवढ्यात उजवी कळी पडली.

गुरव समजुतीने म्हणाला, "बाये, देवान दिल्लो कौल परत इचारूचो नसता." कुणीतरी मागून विचारलं, काय गो, दुसरा वखद कसला? बाईंनी तोंड उघडलं. दिगू त्यांच्याकडे बघत होता, नको नको असं डोळ्यांनी सांगत. आता दोन्ही एकदम का, हे पटवायचं तर रोगाचं नाव घ्यावं लागलं असतं, सगळ्या वाडीसमोर, त्याच्यासमोर. त्यांनी तोंड मिटलं. अण्णा पाषाणाकडे बघत हात जोडून उभे होते, शेवटपर्यंत.

बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "कुमे, चेडवाचा लगीन होवंदे. मगे घेवंदे दुसरी. देवानच सांगितल्यान." माझ्या मनात आलं, याला समुद्रात ढकलावं. आजही येतं. देवाला फसवून वर त्याचीच साक्ष काढायची, हे धाडस माणसाला सुचतं कसं?

बाईंनी हार मानली नाही. तरुण डॉक्टरनेही दिगूला बोलावून परत परत समजावलं; तो मान हलवी आणि घरी जाई. एकदा बाईंनी त्याला गोव्याला जाऊ म्हणून एस.टी.त बसवलं, आणि गाडी घाटाच्या दिशेने वळल्यावर खरं सांगितलं. कणकवलीच्या स्टँडवर तो पाणी प्यायला उतरला आणि मालवणच्या गाडीत जाऊन बसला. बाई धावत त्या गाडीच्या खिडकीखाली गेल्या. तो वरून म्हणाला, "आक्का, देवाच्या शब्दाभायर जाव नको. मरान जाईन मी." तो खरंच तसं मानत होता. त्याची कीव करावी की त्याला दोन थोबाडीत द्याव्यात, हे बाईंना कळेना. स्टँडवर चहा पिऊन त्या परत आल्या.

वाईट हे, की क्षयाच्या गोळ्यांनी गुण आला. एक दिवसाआड आरोग्यसेविकेसमोर बसून त्याने एकही गोळी न चुकवता घेतली. समुद्रावर गेलाच नाही. खोकला थांबला, गालांवर मांस आलं. वैशाखात लग्न लागलं तेव्हा दिगू मांडवात पाणी वाढत फिरत होता आणि बायका म्हणत होत्या, देवान बरो केल्यान. अण्णा बाईंजवळ येऊन म्हणाले, "बघ." बाई म्हणाल्या, "मी बघतंय."

मांडव उतरल्यावर दवाखान्यात त्याची शेवटची तपासणी झाली आणि तो क्षयातून पूर्ण बरा झाल्याचं सांगण्यात आलं. ते खरंच होतं. पावसाळा आला म्हणून लोकांनी होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या, आणि त्याच आठवड्यात त्याचं डोकं दुखायला लागलं. ताप, उलट्या, माणसं ओळखेना. दुसऱ्या रोगाने मोकळी करून ठेवलेली वाट होती; कुठलातरी जंतू त्या वाटेने मेंदूपर्यंत गेला. घाटावर न्यायला आता अण्णाच गाडी घेऊन आले. गाडी घाटाच्या पायथ्याशी पोचली तेवढीच.

क्षयाच्या खिडकीवर दिगू बऱ्या झालेल्यांत मोजला गेला. दुसऱ्या खिडकीवर तो कधी गेलाच नव्हता. म्हणजे सरकारच्या लेखी एक माणूस बरा झाला आणि कुणी मेलं नाही. हे मी बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे." कचेरीतल्या मराठीत.

पीएच.डी. मिळाली. नंतर पुण्यात एका परिसंवादात त्यांनी ते मॉडेल मांडलं. मी सोबत गेलो होतो. पडद्यावर चार चौकोन, त्यांना जोडणारे बाण. चांगलं बोलल्या. एक तरुण प्राध्यापक उठून म्हणाला, "मॅडम, मॉडेल सुंदर आहे. पण प्रत्यक्षाशी पडताळून पाहिलंत का?"

"हो," बाई म्हणाल्या. "एका माणसावर."

सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांचं चुकलं नव्हतं, त्यांना विनोदच वाटला.

"आणि काय आढळलं?" त्यानेही हसतच विचारलं.

"मॉडेल बरोबर निघालं."

टाळ्या पडल्या. मला तिथे बसवेना. बाहेर व्हरांड्यात बाई आल्या, घड्याळाचा पट्टा उगाच सैल करत. म्हणाल्या, "धामापूरच्या देवीला हसले होते मी, आठवतं? टोपल्या सगळ्या बरोबर मांडल्या, पिंगुळकर. टोपली उचलणारा माणूस धरायचा राहिला. आणि तो तर घरातच होता."

त्यानंतर त्या वाडीतल्या घरी कधी गेल्या नाहीत, गणपतीलाही नाही. आपल्याकडे गणपतीला घरी न जाणं म्हणजे नातं तोडल्याची दवंडीच. मालवणातल्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. स्टाफरूममध्ये 'गृहीत काय धरलंत' विचारायचं त्यांनी सोडून दिलं. आम्ही सगळे खुशाल 'साधारणपणे' म्हणायला लागलो आणि त्यातली गंमत गेली.

२०१० साली, त्यांच्या निवृत्तीनंतर, गणपतीच्या आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुसऱ्या रोगाची औषधं एव्हाना जिल्ह्यातच मिळू लागली होती. दोन्ही उपचार वेळेवर जोडून घ्या, अशी पाटी कॉलेजच्या फाटकाशी लागली होती. मी ती सांगितली. "वाचली," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसे. मी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होतो, तेवढ्यात दारात अण्णा उभे राहिले. पार वाकलेले, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवीत दोन नारळ. उन्हातून चालत आले होते. सदरा भिजलेला.

बसले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "कुमे, यंदा तरी गणपतीक घराकडे ये. माझा काय आता खरा नाय."

बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, तुम्ही पाणी घेणार की चहा?"

उभ्या जन्मात त्या अण्णांशी मालवणीशिवाय बोलल्या नव्हत्या. म्हाताऱ्याने चमकून वर बघितलं. "पयला पाणी दी गो. मगे च्या."

"दोन्ही मिळणार नाही. एक काय ते सांगा."

अण्णांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "पाणी," म्हणाले.

बाईंनी पेला आणून दिला. ते प्यायले. पेला खाली ठेवला, नारळांची पिशवी भिंतीला टेकवली आणि काठीवर भार देत उठले. उंबऱ्यात थांबून, पाठमोरेच म्हणाले, "कुमे, माका वाटला तो तितको टिकतलो."

"हो," बाई म्हणाल्या. "साधारणपणे टिकतात."

अण्णा गेले. मी पेला उचलून आत ठेवायला गेलो. ओट्यावर तबक मांडलेलं होतं. पाण्याचा तांब्या, गुळाचा खडा आणि चहाचा कप, निवू नये म्हणून वर बशी झाकलेली. अण्णा रस्त्यावर दिसले तेव्हाच मांडलं असणार. बाई माझ्या मागून आल्या, बशी उचलली, चहा मोरीत ओतला, आणि कप विसळून पालथा घातला.